विकत घेतलं, पण आपलं झालं का?

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



समितीने मला वीस मिनिटं दिली आहेत आणि वर बजावलं आहे, की जेवणानंतरचं सत्र आहे, जड बोलू नकोस. समोर पहिल्या रांगेत गणिताचे सर बसलेत, म्हणजे आकडे चुकवायची सोय नाही. त्यांच्या शेजारी मराठीच्या बाई आहेत, म्हणजे 'त्याने' च्या जागी 'त्यांनी' घालून वेळ मारून न्यायचीही सोय नाही. तेव्हा सांभाळून बोलतो.

विषय साधा आहे. मोबाइल, संगणक, त्यातली सॉफ्टवेअर, गाणी, पुस्तकं, फोटो हे सगळं आपण पैसे मोजून घेतो किंवा स्वतः तयार करतो. त्यातलं खरोखर आपलं किती असतं? मी गेली तीस वर्षं मुलुंडला डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका, पुस्तकं. या धंद्यात हा प्रश्न दर दोन-चार महिन्यांनी कुणी ना कुणी गिऱ्हाईक दुकानात घेऊन येतं. म्हणून मला वाटलं, आज इथे तो तुमच्यापुढे ठेवावा. आपण सगळे पंचावन्नच्या आसपास आहोत. आपली मुलं या गोष्टी सहज वापरतात, पण सांभाळून ठेवायची जबाबदारी अजून आपल्यावरच आहे.

आपण उपनगरातली माणसं. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, आणि जागा परवडेना म्हणून ठाण्या-डोंबिवलीला गेलेले. घराची मालकी म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मालकीचा फ्लॅट वेगळा, पागडीची खोली वेगळी आणि अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स वेगळं. लायसन्सवर राहणारा माणूस भिंतीला खिळा ठोकतानासुद्धा मालकाला विचारतो. आणि चौथा एक प्रकार आहे, तो फक्त सोसायटीच्या कमिटीवर काम केलेल्यांनाच कळतो. फ्लॅट मालकीचा, शेअर सर्टिफिकेट कपाटात, पण कन्व्हेयन्स झालेलं नाही. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर. वीस-पंचवीस वर्षं कुणाला काही जाणवत नाही. पुनर्विकासाची वेळ आली की मग सगळे जुन्या फायली शोधायला लागतात.

आपली डिजिटल खरेदी बहुतेक वेळा या चौथ्या प्रकारातली असते. बटणावर लिहिलेलं असतं 'बाय', म्हणजे विकत घ्या. खाली बारीक अक्षरांत, जे आपण कुणीच वाचत नाही, तिथे लिहिलेलं असतं 'लायसन्स'. शब्दसुद्धा तोच आहे बघा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये यावर कायदाच केला आणि १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. ग्राहकाला मिळतो तो फक्त वापराचा परवाना आहे, हे स्पष्ट सांगितल्याशिवाय विक्रेत्याला 'बाय' हा शब्द वापरता येत नाही. जी फाइल एकदा उतरवून घेतली की विक्रेता परत काढून घेऊ शकत नाही, तिला या कायद्यातून सूट आहे. ही सूट लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

आता आपल्याकडची गोष्ट. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं दुकान उघडलं होतं, आठवतंय? पाच-दहा रुपयांत एक गाणं रीतसर विकत घ्यायचं. त्यांच्याकडे मराठी गाणीही होती. सगळीकडे फुकट गाणी मिळत असताना पैसे देऊन घेणारे जरा वेडेच समजले जायचे. पुढच्याच वर्षी, १७ जून २०१३ ला ते दुकान बंद झालं. ग्राहकांना सांगण्यात आलं की ऑगस्टपर्यंत तुमची गाणी उतरवून घ्या. आता यातली गंमत अशी, की ती गाणी साध्या एमपी थ्री फाइली होत्या. त्यांना कुलूप नव्हतं. ज्यांनी उतरवून घेतली, त्यांच्याकडे ती आज बारा-तेरा वर्षांनंतरही वाजतात. पेन ड्राइव्हवर घाला, गाडीत लावा, कुणाला विचारायला नको.

त्याच फ्लिपकार्टने ई-पुस्तकंही विकली. ती त्यांच्याच ॲपमध्ये उघडायची. त्यांना कुलूप होतं आणि किल्ली दुकानदाराकडे होती. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांनी तो विभाग बंद केला आणि ग्राहकांना कोबो नावाच्या परदेशी कंपनीकडे जायला सांगितलं. म्हणजे तुमचं पुस्तकाचं कपाट दुसऱ्याच्या घरी हलवलं आणि तुम्हाला नवा पत्ता दिला. दुकान एकच, ग्राहकही तेच. गाणी त्यांच्या हातात राहिली, पुस्तकं राहिली नाहीत. फरक फक्त कुलपाचा.

काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा आपल्या सगळ्यांना वाईट वाटलं. पण तिथून आणलेल्या कॅसेट आणि सीड्या कुणी आपल्या घरातून उचलून नेल्या नाहीत.

परदेशात तर उचलून नेल्याचीही नोंद आहे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेतल्या ग्राहकांच्या किंडलमधून दोन पुस्तकं दूरवरूनच पुसून टाकली. पैसे परत दिले. कारणही होतं. ज्या विक्रेत्याने ती आवृत्ती विकली, त्याच्याकडे हक्कच नव्हते. पण एका शाळकरी मुलाने त्यातल्या एका पुस्तकावर अभ्यासाची टिपणं काढली होती, ती निरुपयोगी झाली. तो कोर्टात गेला. कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली. आणि ती पुस्तकं कोणती होती? जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म'. एक सत्तेच्या पाळतीवरचं आणि दुसरं सत्तेच्या लबाडीवरचं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं, तेव्हाही पैसे परत मिळाले आणि पुस्तकं गेली.

डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तकंही मिळतात. अमेरिकेतल्या आपल्या मैत्रिणींना त्याचं मोल विचारा. तिकडे मराठी पुस्तक मागवायचं तर पुस्तकापेक्षा टपाल महाग. मीही किंडलवर वाचतो, अक्षर मोठं करता येतं, या वयात ते फार सोयीचं आहे. पण विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून तारेने किंडलमध्ये घालायची जी सोय होती, ती २६ फेब्रुवारी २०२५ पासून काढून टाकली. म्हणून माझा नियम असा: एकदा वाचायचं ते तिथे, आणि नातवंडांसाठी ठेवायचं ते कागदावर किंवा कुलूप नसलेल्या फाइलमध्ये.

आता माझ्या धंद्याकडे वळतो. गाणी आणि पुस्तकं दुसऱ्याने तयार केलेली असतात, त्यात दुकानदाराचाही थोडा हक्क समजू शकतो. पण आपण स्वतः लिहिलेला मजकूर तर आपलाच असतो ना? मराठी माणसांच्या बाबतीत वीस-पंचवीस वर्षं तोही आपला नव्हता.

हे जरा समजावून सांगतो. नव्वदच्या दशकात संगणकाला मराठी येत नव्हतं. एका फाँटमध्ये अक्षरांसाठी २५६ खण असायचे. त्यातले बरेच इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं यांनी भरलेले. मराठी सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्या खणात मराठी अक्षराचं, कधी अर्ध्या अक्षराचं, कधी नुसत्या मात्रेचं चित्र बसवलं. पडद्यावर 'कमळ' दिसायचं, पण फाइलच्या पोटात भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं लिहिलेली असायची. त्या काळाच्या मानाने ती हुशारीच होती, आमची पोटं त्यावर भरली. पण प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एकीचा 'क' तो दुसरीचा 'ढ'. एका कंपनीच्या फाँटमध्ये केलेलं काम दुसरीच्या फाँटमध्ये उघडलं की नुसता गोंधळ. शिवाय सॉफ्टवेअरबरोबर एक डोंगल यायचं. संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टला लावायचं बोटभर कुलूप. ते लावलेलं असेल तरच सॉफ्टवेअर चालायचं.

आमच्या भागातल्या एका संस्थेचा सुवर्णमहोत्सवी ग्रंथ मी १९९९ मध्ये केला होता. तीनशे पानं. जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणी, त्यातले बरेच जण आता हयात नाहीत. २०१४ मध्ये संस्थेला दुसरी आवृत्ती काढायची होती. सीडी माझ्याकडे जपून ठेवलेली होती, फाइलही उघडली. आणि पडद्यावर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत इंग्रजी अक्षरांचा चिवडा. फाँट चालवणारं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरचं. डोंगल ज्या पोर्टला लागायचं, ते पोर्ट नव्या संगणकांना राहिलेलंच नव्हतं. कंपनीला फोन केला. उत्तर आलं, ती आवृत्ती आम्ही बंद केली, नवी विकत घ्या, आणि जुन्या फाइली नव्यात जशाच्या तशा उघडतील याची खात्री देता येणार नाही. शेवटी कपाटातला छापील ग्रंथ काढला आणि दोन मुली बसवून तीनशे पानं पुन्हा टाइप करून घेतली. कागद होता म्हणून तो मजकूर वाचला. संस्थेने लिहून घेतलेला, संस्थेने पैसे देऊन छापलेला मजकूर, आणि तो उघडायची परवानगी तिसऱ्याच माणसाच्या खिशात.

असं महाराष्ट्रात किती ठिकाणी झालं असेल, याचा विचार करा. वाचनालयं, पतपेढ्या, साप्ताहिकं, दिवाळी अंक. आणि आपली शाळासुद्धा. शाळेच्या मागच्या महोत्सवी स्मरणिकेची फाइल कार्यालयात आहे, मी मागच्या महिन्यात पाहिली. तिचीही तीच अवस्था आहे.

यातून बाहेर काढलं ते युनिकोडने. या प्रमाणपद्धतीची पहिली आवृत्ती १९९१ ची. आपल्या देशात भारतीय लिपींसाठी 'इस्की' नावाची जी पद्धत तयार झाली होती, तिच्याच आधारावर देवनागरीला त्यात जागा मिळाली. युनिकोडमध्ये 'क' चा क्रमांक ०९१५. कंपनी कोणतीही असो, फाँट कोणताही असो, फोन असो की संगणक, 'क' तो 'क' च. फाँट बदलला तर फक्त अक्षराचं वळण बदलतं, मजकूर बिघडत नाही. विंडोज २००० पासून घरोघरच्या संगणकात देवनागरी आली, तिच्याबरोबर 'मंगल' हा फाँट आला. आपल्यापैकी प्रत्येकाने तो कधी ना कधी वापरला आहे. तो घडवला आपल्या मुंबईतल्या माणसाने, र. कृ. जोशी यांनी. सुलेखनकार, कवी, पवईच्या आयआयटीत शिकवलेले आणि नंतर जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेत काम केलेले.

पण 'मंगल' मायक्रोसॉफ्टचा. वापरायला मिळतो, हवा तसा बदलायची किंवा वाटायची मोकळीक नाही. त्याच्या पुढची पायरी गाठणारीही मुंबईचीच माणसं होती. इंडिकट्रान्स नावाच्या गटाने 'गार्गी' हा देवनागरी फाँट मुक्त परवान्याखाली दिला. २००३ मध्ये 'आकृती' करणाऱ्या कंपनीने आपले काही फाँट त्याच प्रकारच्या परवान्याखाली मोकळे केले. एका व्यावसायिक कंपनीने हे करावं, याचं मला आजही कौतुक वाटतं. आणि अलीकडे मुंबईच्याच 'एक टाइप' या गटाने 'मुक्त' नावाचा फाँट केला. नावाप्रमाणेच मुक्त आहे. कुणीही वापरावा, वाटावा, त्यात भर घालावी. वळण सुबक आहे आणि छपाईला उत्तम चालतो. बाई, जोडाक्षरं तुमच्या मनासारखी येतात, मी तपासून पाहिलं आहे.

परवाना मुक्त असणं म्हणजे फुकट असणं नव्हे, हे इथे सांगायला हवं. मुक्त म्हणजे उद्या करणारी कंपनी बुडाली, मालक बदलला किंवा धोरण बदललं, तरी तुमच्या हातातली वस्तू तुमच्याच हातात राहते. माझ्याच धंद्यातलं उदाहरण देतो. आम्ही पूर्वी पेजमेकर एकदा विकत घेतलं की वर्षानुवर्षं वापरायचो. २०१३ मध्ये ॲडोबीने सांगितलं की आमच्या मुख्य सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या आता फक्त वर्गणीवर. वर्गणी थांबली की सॉफ्टवेअर थांबतं आणि आपणच केलेल्या फाइली त्यात उघडत नाहीत. मी ते सॉफ्टवेअर वापरतो, धंद्याला लागतं. पण प्रत्येक कामाची एक पीडीएफ आणि एक साधी युनिकोड मजकुराची फाइल गिऱ्हाइकाच्या हातात देतो. उद्या माझं दुकान बंद पडलं तरी त्याचं काम अडता कामा नये.

आता हातातल्या वस्तूंबद्दल. आपल्या लहानपणी रेडिओ बिघडला की नाक्यावरचा दुकानदार मागचं झाकण उघडून सोल्डरिंगने दुरुस्त करायचा. आज स्टेशनबाहेरच्या गाळ्यातला मुलगा तितकाच हुशार आहे, पण काही फोनमध्ये अस्सल सुटा भाग घातला तरी फोन तो ओळखत नाही, कारण कंपनीने नोंद करून दिलेली नसते. सुटे भाग आणि माहिती अडवून ठेवायची ही सवय गाड्यांच्या बाबतीत आपल्याकडे आधीच उघड झाली होती. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो यासाठीच. पुढे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचं पोर्टल सुरू केलं. फोन, घरगुती उपकरणं, वाहनं आणि शेतीची अवजारं हे चार विभाग त्यात आहेत. सक्तीचा कायदा अजून नाही. पण नवा फोन घेताना दोन प्रश्न विचारायची सवय आपण लावून घेऊ शकतो: बॅटरी आणि स्क्रीन बदलून मिळेल का, आणि सॉफ्टवेअरचे अपडेट किती वर्षं मिळणार? कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे नंतर.

आणि कायदा सगळाच आपल्या विरोधात नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात, रीतसर घेतलेल्या सॉफ्टवेअरची नुकसान किंवा नाश टाळण्यासाठी राखीव प्रत करून ठेवायला मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने डिजिटल कुलूप तोडणं हा गुन्हा ठरवला, पण तिथेही कायद्याने मना न केलेल्या कामासाठी वाट ठेवली आहे. म्हणजे राखीव प्रत ठेवणारा माणूस चोर नाही. उगाच घाबरू नका, पण याच्या आडून इतरांना फुकट प्रती वाटूही नका. लेखकाला त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत, हे एका छपाईवाल्याचं मत आहे.

आता जरा आपल्या शाळेचं. या वर्षी आपली तुकडी संगणक कक्षासाठी निधी गोळा करते आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. पण मी तो कक्ष पाहून आलो. तिथले संगणक चालू आहेत. त्यांचा दोष एवढाच की ते विंडोज १० वर चालतात. त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि नवी विंडोज ११ त्या जुन्या यंत्रांना स्वीकारत नाही. म्हणजे यंत्र धडधाकट असताना भंगारात काढायचं, असा सल्ला शाळेला मिळतो आहे. माझं म्हणणं असं, की त्यांवर लिनक्स घालून पाहू. ही मुक्त प्रणाली आहे, जुन्या यंत्रावर बरी चालते, मराठी व्यवस्थित दिसते आणि लिब्रेऑफिससारखी लेखन-हिशेबाची सॉफ्टवेअर तिच्याबरोबर येतात. हे काही जगावेगळं नाही. केरळमधल्या सरकारी शाळा पंधराहून अधिक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकवत आहेत. शिक्षकांना शिकायचं असेल तर पवईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे धडे आहेत, त्यातले पुष्कळ मराठीतून ऐकता येतात. कार्यालयातली एखाद-दोन यंत्रं विंडोजवरच ठेवावी लागतील, कारण काही कामं त्याशिवाय होत नाहीत. पण मुलांच्या कक्षाचे वाचलेले पैसे प्रयोगशाळेला आणि ग्रंथालयाला वळवता येतील. सर, हिशेब मी कागदावर मांडून आणला आहे, नंतर तपासून द्या.

शेवटचा मुद्दा फोटोंचा. हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आपल्या तुकडीतले सात जण आज नाहीत. त्यातल्या एकाने, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे कोणी ते, आठ वर्षांपूर्वी एक काम हाती घेतलं होतं. तो रविवारी एकेकाच्या घरी जायचा, अल्बममधले शाळेचे फोटो फोनवर टिपायचा आणि प्रत्येकाखाली नावं लिहून ठेवायचा. माथेरानची सहल, स्नेहसंमेलनातलं नाटक, निरोपसमारंभ. माझ्या घरी आला होता तेव्हा त्याने चहा गार केला, पण एका फोटोतल्या मागच्या रांगेतल्या मुलाचं नाव लागेपर्यंत उठला नाही. सगळं पूर्ण झालं की एकदम दाखवीन, म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी तो अचानक गेला. फोन वहिनींकडे आहे. त्याचा पिन कुणालाच माहीत नाही. ईमेलचा पासवर्डही नाही. मुलीने खूप प्रयत्न केले. कुलूप मजबूत आहे, चोरासाठी असतं तसंच घरच्यांसाठीही. तो फोन आज त्यांच्या कपाटात बंद पडून आहे. बाहेरच्या फलकावर जे सहा फोटो लावलेत ना, तेवढे त्याने कागदावर छापून एकाला वाढदिवसाला दिले होते, म्हणून आहेत.

यावर उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. गुगलच्या खात्यात 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे. ठरावीक महिने खातं वापरलं गेलं नाही तर कुणाला कळवायचं आणि काय काय द्यायचं, हे आपणच आधी ठरवून ठेवू शकतो. ॲपलच्या फोनमध्ये डिसेंबर २०२१ पासून 'लेगसी काँटॅक्ट' नेमता येतो. हे दोन्ही म्हणजे बँकेतलं नॉमिनेशनच समजा. सोसायटीच्या फ्लॅटला नॉमिनी नेमतो, फिक्स्ड डिपॉझिटला नेमतो, मग चाळीस वर्षांच्या फोटोंना का नाही?

आणि गुगलवर टाकलं म्हणजे कायमचं राहिलं, असंही समजू नका. फोटोंची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून पुसली जाऊ शकतात. तेव्हा 'गुगल टेकआउट' वापरून वर्षातून एकदा आपलं सगळं उतरवून हार्ड डिस्कवर घ्या. दिवाळीच्या साफसफाईबरोबर उरकून टाका, म्हणजे विसरणार नाही. पासवर्ड आणि पिन एका वहीत लिहून ती वही घरच्या तिजोरीत ठेवा. संगणकवाले नाकं मुरडतील, मुरडू देत. ती वही कुठे आहे हे घरातल्या एका माणसाला सांगा.

कुणी म्हणेल, हा माणूस सगळं सोडून जंगलात जायला सांगतोय. तसं नाही. मी व्हॉट्सॲपवर आहे, आपल्या ग्रुपवर सकाळी गुलाबाची फुलंही पाठवतो. महिन्याची वर्गणी भरून गाणी ऐकतो, सिनेमे पाहतो. भाड्याने घेण्यात काही वाईट नाही. आपण भाड्याने घेतोय एवढं माहीत असावं, आणि जे पुढच्या पिढीला द्यायचं ते भाड्याच्या जागेत ठेवू नये.

आता समितीपुढे आणि तुम्हा सगळ्यांपुढे तीन सूचना ठेवतो.

पहिली: या मेळाव्याची स्मरणिका युनिकोडमध्ये, मुक्त फाँटमध्ये करावी. ते काम मी करीन, मोबदला नको. छापील प्रतीबरोबर प्रत्येकाला पीडीएफ आणि साधी मजकुराची फाइल मिळावी, आणि दोन्हींची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात रहावी. मागच्या स्मरणिकेचा अडकलेला मजकूरही मी बदलून युनिकोडमध्ये आणतो. थोडी हातदुरुस्ती लागेल, मुद्रितशोधनाला बाई तयार असतील तर आम्हाला पुन्हा एकदा लाल शाईचा प्रसाद मिळेल.

दुसरी: संगणक कक्षातल्या दोन यंत्रांवर एक महिना लिनक्स चालवून पाहावं आणि मगच निधीचा निर्णय घ्यावा. चाललं नाही तर मी स्वतः नव्या संगणकांसाठी घरोघर फिरेन.

तिसरी: आपल्या मित्राचं काम आपण पूर्ण करावं. पुढच्या सहा महिन्यांत प्रत्येकाने आपल्या घरच्या अल्बममधले शाळेचे फोटो पुन्हा टिपावेत आणि खाली नावं लिहावीत. व्हॉट्सॲपवर पाठवाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो बारीक होऊन येतो. सगळे फोटो दोन हार्ड डिस्कवर ठेवू. एक बोरिवलीला, एक मुलुंडला. म्हणजे पश्चिम रेल्वे बंद पडली तरी मध्य रेल्वेवर एक प्रत सुरक्षित! आणि त्याच्या तीन जाड छापील वह्या करू. एक शाळेला, एक तुकडीला आणि एक वहिनींना.

मागच्या रांगेतल्या त्या मुलाचं नाव मला माहीत आहे. त्याने शोधून काढलं तेव्हा मी समोर होतो. बाकीची नावं तुमच्याकडे आहेत, आणि काही फक्त सरांच्या आणि बाईंच्या आठवणीत. आज संध्याकाळी चहाच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. जाण्यापूर्वी आठवतील तेवढी लिहून जा.